दोन बोटं माया

मास्तरीणबाईंची धाकटी जाऊ दुकानात रिकाम्या हाताने कधी यायची नाही. हातात डबी असायचीच. हिरव्या झाकणाची डबी, तिच्यावर एक पान, आणि पानाशेजारी एक बाई. त्या बाईची कंबर एवढी बारीक की गिळलेला घास खाली उतरायला वाट कुठून मिळत असेल, असा प्रश्न पडावा. डबीत पावडर. जेवणाआधी अर्धा तास एक चमचा कोमट पाण्यातून घ्यायची. मग भूक मरते, भूक मेली की चरबी मरते आणि चरबी मेली की बाईचा नवा जन्म होतो, असं धाकटी सांगायची. पी हळद आणि हो गोरी, दुसरं काय. फरक एवढाच की ही हळद हिरवी होती आणि तिला ओल्या गोणपाटाचा वास यायचा.

जागा मात्र तिने अचूक हेरली होती, हे मास्तरीणबाईंनाही नाकारता येत नव्हतं. शिवणाचं दुकान नवराबायकोचं. मास्तर कापड बेतायचे आणि पुरुषांचे कपडे शिवायचे. मास्तरीणबाई बायकांची मापं घ्यायच्या आणि बायकांचं शिवायच्या. माप घेताना आकडा मोठ्याने सांगायचा आणि पलीकडे टेबलापाशी मास्तरांनी तो लिहून घ्यायचा, ही सासऱ्यांच्या वेळेपासूनची रीत. "कंबर अडतीस. सीट चव्वेचाळीस, थोडं सैल धरा, बसून काम आहे बाईंचं." मधे नुसता पडदा. पडद्याला कान नसतात, पण बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांना असतात. आपला आकडा असा भर दुकानात ऐकला की भलीभली बाई खांदे पाडायची. नेमकी तेव्हाच धाकटी बाकावरून उठायची. टेप अजून कंबरेभोवती असतानाच बाईच्या हातात डबी आलेली असायची.

मास्तरीणबाईंना या सगळ्या प्रकाराची किळस यायची. विकणारीची जास्त की घेणाऱ्यांची, हे त्या त्या दिवसावर असायचं. इस्पितळातल्या नर्सने डबी घेतली, म्हणजे कपाळच. मुख्याध्यापिकाबाईंनी दोन घेतल्या, एक स्वतःसाठी आणि एक नवऱ्याच्या चहात गुपचूप घालायला. शिकून माणूस शहाणा होतो म्हणतात, ते खरं असेल, पण कंबरेपर्यंत पोचेपोचेतो ते शहाणपण संपत असावं, असं मास्तरीणबाईंचं मत झालं.

"नैसर्गिक आहे वहिनी," धाकटी म्हणायची. "शंभर टक्के वनस्पती. साइड इफेक्ट शून्य."

"धोतराही वनस्पतीच," मास्तरीणबाई दातात टाचणी धरून म्हणायच्या. "घाल की चमचाभर त्यात."

"तुम्हाला ना, नवीन काही पटतच नाही. अहो, डोंगरातले लोक पिढ्यान्‌पिढ्या खात आलेत ही. दिवसभर रानात हिंडायचे, भूक म्हणून लागायची नाही त्यांना."

"त्यांच्या घरी खायला नव्हतं, बाई. पोटाला फसवायला चघळायचे बिचारे. तुझ्या घरी फ्रिजचं दार लागत नाही."

बाकावरच्या बायका हसायच्या, धाकटीही हसायची. विकायला निघालं की लाज घरी ठेवावी लागते. धाकटीला तो त्रासही नव्हता, ठेवायला मुळात नव्हतीच. शिवाय ती घरातलीच. मास्तरांच्या सख्ख्या भावाची बायको. मास्तरीणबाई बोलून घ्यायच्या, पण बाकावरून उठवू शकत नव्हत्या. मास्तर म्हणायचे, "बसू दे गं. बसायला काय लागतं?"

मास्तर असेच. कुणी काही म्हटलं तरी हसायचे. त्यांना मधुमेह होता, जेवणाआधी गोळी घ्यायचे, आणि पोट असं होतं की बेतायला वाकले की आधी पोट टेबलाला लागायचं आणि मग हात कापडाला. मास्तरीणबाईंची जीभ तिथेही थांबायची नाही. कात्री निदान खडूची रेघ बघून चालते. त्यांच्या जिभेला रेघच नव्हती. एका दुपारी दुकान बायकांनी भरलेलं असताना त्यांनी माप घेता घेता मजेत टेप मास्तरांच्या पोटाभोवती फिरवला आणि नेहमीच्या आवाजात आकडा सांगितला. वर म्हणाल्या, "टेप संपत आला हो. आता दुसरा जोडावा लागेल."

दुकान खदखदून हसलं. मास्तरही हसले. धाकटी तेवढी हसली नाही. ती मास्तरांकडे बघत होती.

मग आलं जाकिटाचं प्रकरण. पावडरच्या कंपनीचा मोठा मेळावा होता आणि धाकटीला तिथे स्टेजवर बोलवणार होते. तिला हवं होतं अंगासरशी बसणारं पांढरं जाकीट. माप देताना तिने श्वास इतका आत ओढून धरला की मास्तरीणबाईंना वाटलं, आता ही पडते. दोनदा सांगितलं, सोड, मला तुझं माप हवंय, तुझ्या नाटकाचं नको. तिने सोडला नाही. तेव्हा मास्तरीणबाईंनी त्याच मापाने बेतायला सांगितलं.

आता शिंप्याच्या धंद्यात एक गोष्ट असते. शिलाईच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. माणूस सुटतो, माणूस वाळतो. कपड्याने त्याच्याबरोबर राहावं, यासाठी ती माया. मास्तर खडूने रेघ ओढायचे आणि रेघेबाहेर दोन बोटं सोडून कात्री चालवायचे. आयुष्यभर तसंच. गिऱ्हाइकाने कापड कमी आणलं तर ते खिसा लहान करायचे, कॉलर जोडाची करायचे, पण मायेला हात लावायचे नाहीत.

जाकीट अंगावर चढवून धाकटी आरशासमोर वळली आणि म्हणाली, "दादा, ही आतली माया कापून टाका ना. कडेला जाड दिसतंय."

"माया कापायची नसते गं," मास्तर म्हणाले. "राहू दे. आत आहे, कुणाला दिसतेय?"

"मला दिसतेय. आणि मी काही परत फुगणार नाहीये. माझा माझ्या पावडरवर विश्वास आहे."

हे ऐकलं आणि मास्तरीणबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. "द्या इकडे," म्हणाल्या. तिच्या अंगावरून जाकीट उतरवलं, उलटं केलं आणि दोन्ही कडांची माया खर्रकन कापून केराच्या टोपलीत टाकली. वर एक टीप मारून दिली. "घे. आता झालीस बारीक."

धाकटी खूश होऊन गेली. मास्तर टोपलीतल्या पांढऱ्या पट्ट्यांकडे बघत राहिले.

"बरं नाही केलंस," ते म्हणाले.

"तिलाच नको होती."

"तिला नको असेल. आपण ठेवायची असते."

मास्तरीणबाईंनी मशीन सुरू केलं. मशीन चालू असलं की ऐकू येत नाही, ही एक सोय असते.

यानंतर मास्तर जेवणाच्या वेळी मागे रेंगाळू लागले. घर दुकानाच्या वरच. मास्तरीणबाई हाक मारायच्या आणि खालून उत्तर यायचं, "तू जेवून घे, मी पँटचा हा पाय बेतून येतो." त्या जेवून खाली यायच्या, मग हे वर जायचे आणि लगेच परत यायचे. भांड्यात अन्न तसंच दिसायचं. विचारलं तर म्हणायचे, भूक नाही, उन्हाळा आहे. मास्तरीणबाईंना वाटलं, कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे काहीबाही तळलेलं खात असतील, दुसरं काय. पुरुष असेच लबाड. रस्त्यावरून जाणाऱ्या बाईचं माप नुसत्या नजरेने सांगणाऱ्या मास्तरीणबाई. घरातला माणूस महिनाभर अर्धं अर्धं बोट कमी होत होता आणि त्यांना पत्ता नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दुकानातली इस्त्री मास्तरच करायचे, स्वतःच्या कपड्यांचीही, त्यामुळे मास्तरीणबाईंच्या हातात त्यांची पँट यायचाही प्रश्न नव्हता.

ती दुपार गिऱ्हाइकांची होती. एक वकीलबाई त्यांच्या काळ्या कोटासाठी आल्या होत्या आणि समोरच बसून चहा पीत होत्या. धाकटी बाकावर. मास्तर वकीलबाईंचं कापड पसरून उभे होते. मास्तरीणबाई बटणं लावत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. पण बरोबर काम केलेल्या माणसाची कात्री कानाला पाठ असते. मास्तरांची कात्री लांब, सलग चालायची. आज ती थांबत होती, चालत होती, पुन्हा थांबत होती. मास्तरीणबाईंनी मान वर केली. मास्तर खडूच्या रेघेवरून कापत होते. रेघेबाहेरून नाही, बरोबर रेघेवरून. निम्मी पाठ कापूनही झाली होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "माया?"

मास्तरांनी वळून बघितलं. "कोण माया?"

बाकावर हशा पिकला. धाकटी म्हणाली, "अगंबाई, दादा, वहिनींसमोरच?" वकीलबाईंनाही हसू आवरेना. मास्तर हसले नाहीत. कुठलाही विनोद झाला की पहिले हसणारे मास्तर, ते सगळ्यांकडे ओळख नसल्यासारखे बघत होते. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि कात्री अजून हातातच होती.

मायेवाचून कापड कापणारा हा माणूस आपला नवरा नव्हे, एवढं मास्तरीणबाईंना कळलं. त्यांनी आधी कात्री काढून घेतली. मग वकीलबाईंच्या हातातला चहाचा कप ओढला, तोंडाला लावून बघितला, गोड होता.

"प्या," म्हणाल्या.

"मी तर नाही सांगितला," मास्तर म्हणाले.

"प्या म्हणते ना."

"वहिनी, साखरेचा चहा? त्यांना?" धाकटी ओरडली. "मधुमेह आहे त्यांना."

"तू गप्प बस," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि कप मास्तरांच्या तोंडाशी धरून घोट घोट पाजला. मधुमेह झाला तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, घाम फुटला, बडबड सुरू झाली, तर गिळता येतंय तोवर आधी गोड द्या आणि मग माझ्याकडे या. दवाखाना पुढच्या गल्लीत होता. एका बाजूने मास्तरीणबाई आणि दुसऱ्या बाजूने वकीलबाई, असे मास्तर चालत गेले. धाकटी मागून आली. तिलाही काळजी होती. कसली, ते तिथे पोचल्यावर कळलं.

डॉक्टरीणबाईंनी बोटाला सुई टोचली, आकडा बघितला आणि तोंड वाकडं केलं. सलाईन लावून झाल्यावर मास्तरांच्या डोळ्यांत हळूहळू ओळख परत आली.

"सकाळपासून काय खाल्लं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मास्तरांनी छताकडे बघितलं. "पावडर," म्हणाले.

"कसली पावडर?"

धाकटी दाराकडे सरकली होती. मास्तरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांना सगळं एकदम समजलं.

"कुठे ठेवलीय?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"बटणांच्या डब्यात. मोठ्या. कोटाची बटणं असतात त्यात."

वकीलबाईच जाऊन घेऊन आल्या. तीच डबी. कंबरवाली बाई, पान, आणि खालच्या अंगाला धाकटीचा हसरा फोटो असलेलं चिकटपत्र: 'आपली आरोग्य सल्लागार', खाली फोन नंबर. डॉक्टरीणबाईंनी डबी फिरवून फिरवून बघितली. "सूचना कुठे आहेत याच्या?"

मास्तरीणबाईंच्या पदराला टाके उसवायचं पातं नेहमी टोचलेलं असायचं. त्यांनी ते काढलं आणि धाकटीचा फोटो कडेने उसवला. खाली मुंगीच्या डोळ्याएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: मधुमेहाची, रक्तदाबाची औषधं चालू असणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

"हे झाकलं होतंस?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"मुद्दाम नाही हो. तेवढीच सपाट जागा होती डबीवर," धाकटी म्हणाली. "आणि हे पावडरीने नाहीच झालं. पावडर नैसर्गिक आहे. गोळीनेच झालं असेल, गोळ्या केमिकलच्या असतात."

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. त्यांना दिवसातून किती वेळा हे बोलावं लागत असेल कोण जाणे, आवाज थकलेला होता. "गोळीनेच झालं. ही गोळी साखर खाली ओढते. माणूस जेवला की साखर वर येते, म्हणून मेळ बसतो. यांनी जेवण सोडलं आणि गोळी चालू ठेवली. तुमच्या पावडरीने एवढंच केलं की यांना भूक लागू दिली नाही. ती स्वतःही साखर थोडी खाली ओढत असेल. किती, ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही, आणि ती बनवणाऱ्यालाही धड माहीत नाही. या झाडपाल्याने कुणाकुणाची भूक थोडी कमी होत असेलही. पण कोणाची, किती, कुठल्या औषधाबरोबर, हे डबीला कसं कळणार? तुम्ही स्वतः घेता का?"

"मी?" धाकटी म्हणाली.

"हो. तुम्ही."

"मला त्याने पित्त होतं."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. वकीलबाई पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. मास्तरीणबाई हसल्या नाहीत. आतापर्यंत त्यांना या बाईचा राग यायचा. आता रागही वाया घालवावासा वाटेना. पायाला लागलेलं काहीतरी पायपुसण्यावर पुसून टाकावं, तसं त्यांनी तिच्यावरून तोंड फिरवलं.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी मास्तरांना मऊ भात वाढला आणि समोर बसून राहिल्या.

"तिने गळ्यात घातली, आणि तुम्ही घेतलीत?" त्या म्हणाल्या. "तिचं काय ऐकायचं? ती कशी आहे ते जगाला ठाऊक आहे."

"तिचं नाही ऐकलं," मास्तर म्हणाले. घास गिळला. "तुझं ऐकलं."

"मी कधी सांगितलं पावडर घ्या म्हणून?"

"टेप संपला म्हणालीस ना. सगळ्यांसमोर."

"मजेत म्हणाले मी ते."

"हो. मीही मजेतच घेतली."

मास्तरीणबाईंनी त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. इतकी वर्षं धाकटी बाकावर बसून ज्या जखमेवर पावडर विकत होती, ती जखम पडद्याआडून त्या स्वतः करून देत होत्या, मोठ्या खणखणीत आवाजात. ही गोष्ट त्यांना बिलकुल आवडली नाही, पण खोटीही पाडता आली नाही.

त्या दिवसापासून माप पडद्याआडच राहू लागलं. मास्तरीणबाई स्वतःच चिठ्ठीवर लिहायच्या आणि घडी घालून मास्तरांना द्यायच्या. मास्तरांना ऐकू कमी येतं, असं गिऱ्हाइकांनी ठरवून टाकलं. वकीलबाईंच्या कोटाला पाठीचं नवं कापड आणून दिलं. धाकटी महिना-दीड महिना फिरकली नाही.

मग आली, ती जाकीट घेऊन. मेळाव्यात स्टेजवर दोन्ही हात वर करून 'मी करू शकते तर तुम्हीही' असं म्हणताना पहिलं बटण उडालं होतं आणि पहिल्या रांगेतल्या कुणाच्या तरी मांडीवर पडलं होतं. श्वास किती वेळ धरणार माणूस. पण पुढच्या महिन्यात पुन्हा मेळावा होता. निर्लज्जपणालाही एक चिकाटी लागते.

"काखेखाली उसवून थोडं सोडा ना वहिनी," ती म्हणाली. "आत कापड असेलच की."

मास्तरीणबाईंनी जाकीट उलटं केलं आणि कड तिच्यासमोर धरली. "आत माया नाही."

"असं कसं? सगळ्या कपड्यांना असते."

"सगळ्यांना असते. तू कापायला लावलीस."

"आणि तुम्ही कापलीत?" धाकटी म्हणाली. "दादा नको म्हणत होते."

हे मात्र खरं होतं. मास्तरीणबाईंना तिचा भयंकर राग आला. खरं बोलणं हा धाकटीचा स्वभाव नव्हता, आणि बोलली तेही नेमकं आत्ताच. टेबलाजवळून मास्तर म्हणाले, "काखेत कळी जोडता येईल गं. पांढरा तुकडा आहे माझ्याकडे. बघतो मी."

"तुम्ही आधी जेवायला जा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "गोळी घेतलीत ना? मग जेवायला बसा. कळी काय, पाकळी काय, नंतर."

"एक पँट तेवढी बघशील का? घट्ट होतेय."

त्यांनी खुर्चीवरची पँट उचलली आणि उलटी केली. मागची शिलाई मास्तरांनी आत घेतलेली होती. एकदा नाही, तीनदा, एकीशेजारी एक तीन टिपा, प्रत्येक वेळी अर्धं बोट. कधी मारल्या असतील? त्या वर जेवत असतील तेव्हा. आणि आतलं कापड जसंच्या तसं होतं. कापलेलं नव्हतं, काठ नीट दुमडून, इस्त्री करून ठेवलेलं होतं. बायकोने हसू नये म्हणून हा माणूस गुपचूप लहान होत गेला होता, आणि तरी पुन्हा मोठं व्हायला जागा ठेवली होती. मास्तरीणबाईंना रडू आलं, आणि आलं याचाच इतका संताप आला की पदराचं पातं काढताना ते बोटात घुसलं.

"या इकडे," त्या म्हणाल्या. "माप द्या."

मास्तर पडद्याआड गेले. बाकावर गिऱ्हाइकं होती, धाकटी होती. मास्तरीणबाईंनी टेप त्यांच्या पोटाभोवती फिरवला. मास्तरांनी सवयीने पोट आत घेतलं.

"सोडा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "मला तुमचं माप हवंय."

त्यांनी श्वास सोडला.

"किती?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय? मी शिवणार, मला कळलं म्हणजे झालं."

"आणि माया?"

"आहे की. तुम्हीच ठेवलीय," त्या टेप गुंडाळत म्हणाल्या. "तिन्ही टिपा उसवते. आता वर जा आणि पोटभर जेवा, नाहीतर उसवलेलं फुकट जाईल."